मरळीला काय लावायचं?

आरमोरीजवळ वैनगंगेच्या काठी हल्ली संध्याकाळी जी पोरं उभी असतात, त्यांच्या पिशवीत कप्प्याकप्प्यांचा एक प्लास्टिकचा डबा असतो. त्यात फिरत्या पात्याचे स्पिनर, पत्र्याचे चमचे, शिशाच्या डोक्याला झालर लावलेले जिग आणि रबरी बेडूक. सगळं घरपोच येतं. वापरायचं कसं ते मोबाईल शिकवतो. तिकडे अमेरिकेत बास नावाच्या माशामागे लोक वेडे आहेत. वसंताच्या सुरुवातीला पाणी गार असतं म्हणून जिग तळाशी हळू सरकवायचा, गढूळ पाण्यात गडद रंग, निवळ पाण्यात फिका, हे आमच्या पोरांना पाढ्यासारखं पाठ आहे. बास आपल्याकडे नाही. पण गवतात दबा धरून बसणारी आणि समोरून काही वळवळत गेलं की भूक असो-नसो तोंड मारणारी मरळ आहे. त्यामुळे डबा काही वाया जात नाही.

आमच्या वेळी डबा होता तो डालड्याचा. उकिरड्याच्या कडेची ओली माती आणि तिच्यात गांडुळं. आरमोरी तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होती. गडचिरोली वेगळा झाला 1982 मध्ये. काठी बांबूची, ती रांजीतून, म्हणजे बांबूच्या बेटातून, निवडून तोडायची आणि चुलीच्या धगीवर सरळ करायची. तंगूस बाजारातून यायचा. त्याआधीची माणसं अंबाडीच्या नाहीतर सणाच्या दोरीवर भागवत. पाण्यावर तरंगायला मोरपिसाचा देठ. तो बुडण्याआधी कसा थरथरतो त्यावरून खाली कोण आहे ते जाणती माणसं सांगत: नुसतं टोचून जातोय तो झिंगा, सरळ ओढत नेतेय ती वाम.

आमिष मात्र विकत घ्यायची वस्तूच नव्हती. ते ज्या त्या महिन्याचं, ज्या त्या पाण्याचं असे. रोहूला कणकेत जवसाची ढेप मळायची. शिंगुराला आणि वामेला गांडूळ, तेही संध्याकाळी. मरळीला जिवंत काहीतरी: झिंगा, नाकतोडा, बारीक मासोळी आणि सगळ्यांत वरचढ म्हणजे बेडकी. तलावावर बसणारा एक म्हातारा ढीवर, म्हणजे मासेमार समाजातला माणूस, आम्हा पोरांना एकच उत्तर द्यायचा, “पयले पानी पाय गा, मंग ठरव का लावाचा ते.”

पाणी पाहायचं म्हणजे काय, हे त्याच्या शेजारी बसूनच कळे. माघ सरत आला की धान कापून कधीच झालेलं, तलाव उतरू लागलेला. सकाळी पाणी गार, दुपारी काठचं उथळ पाणी कोमट. मरळीला कल्ल्यांचा श्वास पुरत नाही, मधून मधून हवा घ्यायला तिला वर यावंच लागतं. म्हातारा बिडी विझवून नुसता ऐकत बसे. कमळाच्या पानांत कुठेतरी बारीक ‘चप्प’ असा आवाज येई. तो हात करून जागा दाखवी, काठी मात्र लगेच उचलत नसे. आणखी एकदा आवाज आला की मगच गरी पडायची, आवाजाच्या जागी नव्हे, हातभर अलीकडे.

बेडकी गळाला लावायची रीत सांगताना आज अंगावर काटा येतो. गळ पाठीच्या कातडीतून असा ओवायचा की ती मरू नये आणि पोहत राहावी. रबरी बेडूक हा म्हणूनच मला निव्वळ फायद्याचा सौदा वाटतो. त्याचे दोन गळ पाठीला चिकटून झाकलेले असतात, म्हणून तो गवतात अडकत नाही. मरळीने चावा घेतला की पोकळ पोट दबतं आणि गळ उघडे पडतात. आपल्या देशाने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात 1987 मध्ये बंद केली, कारण शेतातले किडे खाणारे बेडूक हजारोंनी परदेशी ताटात जात होते. गळावरच्या बेडकीची मात्र तेव्हा कोणाला आठवण झाली नाही. एक गोष्ट दोन्ही बेडकांना सारखी लागू आहे: मरळीने धरल्याबरोबर हिसका द्यायचा नाही. दोन श्वास थांबायचं, तिला ते तोंडात नीट घेऊ द्यायचं. मोबाईलवरचे गोरे लोकही हेच सांगतात, म्हाताऱ्याला ते कोणी सांगितलं नव्हतं.

ही बनावट आमिषंही कोणाच्या तरी पाणी पाहण्यातूनच आली आहेत. फिनलंडच्या लाउरी रापाला या मासेमाराने पाहिलं की मोठा मासा थव्यातल्या लंगड्या मासोळीवरच झडप घालतो. 1936 मध्ये त्याने बुचाच्या लाकडाची तशीच लचकत पोहणारी मासोळी कोरली आणि तिला चॉकलेटची चांदी गुंडाळली. म्हातारा आणि रापाला भेटले असते तर त्यांचं जमलं असतं. आमच्या पोरांकडे रापालाची मासोळी आहे, रापालाची नजर मात्र डब्यात येत नाही. चप्प आवाज आलेला असताना पोरगा कानात बोंडं घालून डब्यातला रंग निवडत असतो.

पण सगळा दोष पोरांवर टाकणं बरोबर नाही. त्यांनी पाहावं असं पाणी आपण राखलं कुठे? झाडीपट्टीतले हे तलाव गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधले. 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि ‘माजी मालगुजारी’चं ‘मामा’ तलाव झालं. भाचे बरेच निघाले, सांभाळणारा कोणी निघाला नाही. पुढे 1957 मध्ये ओडिशात हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन कार्प माशांची अंडी मिळवली आणि रोहू-कतला-मृगळाचं बीज हवं तेवढं तयार होऊ लागलं. मोठं काम होतं ते. गरिबाच्या ताटात मासा आला. पण तलावात बीज सोडलं की मरळ शत्रू ठरते, कारण ती बोटुकल्या खाते. मग तिला वेचून काढायचं. त्यात खोलीकरणाच्या नावाने यंत्रं उतरली, तळाच्या पाणवनस्पती गाळाबरोबर ट्रॉलीत गेल्या आणि काठावर बेशरमाची झुडपं माजली. मरळ अंडी घालते पाणगवतात जागा करून. गवतच नाही तर ती जाईल कुठे? बाजारात मात्र आजही जिवंत मरळीचा भाव रोहूच्या वर असतो. आणि हैदराबादेत मृगाला दम्याचं औषध मरळीच्याच पिल्लाच्या तोंडातून रोग्याच्या घशात जातं.

नदीचंही तसंच. पूर्वी वैनगंगेचं पाणी कधी उतरेल ते ऋतू ठरवे. आता वर गोसेखुर्द धरणाचे दरवाजे ठरवतात. 2020 च्या ऑगस्टअखेर त्या पाण्याने आरमोरी-ब्रह्मपुरीकडच्या काठांची जी दैना केली ती अजून कोणी विसरलेलं नाही.

आणि वाघ. म्हातारा अंधार पडेपर्यंत एकटा तलावावर बसायचा, पावसाळ्या-हिवाळ्यात रानात ऐनाच्या झाडांवरचा कोसा राखायचा. वडसा वनक्षेत्रात 2022 च्या ऑक्टोबरात जो सीटी-1 वाघ पकडला, त्याने तीन जिल्ह्यांत मिळून 13 माणसं मारली होती. आता सूर्य कलला की घरून फोन सुरू होतात. पोरं पुलाजवळ, रस्त्याच्या उजेडात का उभी राहतात त्याचं अर्धं कारण हे आहे. अशा जागी मरळ कमी, पण माणूस सुखरूप.

काही ठिकाणी मात्र उलटं वारं वाहतंय. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगावच्या बाजूला, शालू कोल्हे यांच्यासारख्या ढीवर बायकांनी तलावात उतरून बेशरम उपटलं आणि तळ नांगरून जुन्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. भंडाऱ्याकडचे मनीष राजनकर आणि ढीवर समाजातले पतिराम तुमसरे वर्षानुवर्षं हेच सांगत आले: आधी वनस्पती, मग मासे. कुठली वनस्पती कुठल्या माशाची, हे त्यांना ढीवरांच्या जुन्या जाणत्यांकडूनच मिळालं. गवत आलं तसे देशी मासेही परतू लागले. आरमोरीच्या तलावांना हे जमणार नाही असं काही नाही.

तोवर डबेवाल्या पोरांना दोन गोष्टी सांगतो. तलाव मच्छीमार संस्थेकडे असेल तर आधी तिथल्या माणसाला विचारा. परवानगी तर मिळेलच, शिवाय मरळ कुठे बसते तेही कळेल. आणि पावसाळ्यात पाण्यावर पिल्लांचा तांबूस घोळका वळवळताना दिसला तर समजा, खाली आईबाप राखणीला आहेत आणि ते कशावरही तोंड मारतील. तिथे मरळ हमखास लागते. तिथे गरी टाकू नका, रबरी बेडकाचीसुद्धा.