पोळी कोणाची?

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. पोळी कोणाची आहे हा प्रश्न आधीच सुटला आहे असे ही म्हण धरून चालते. वाढणारा हात दिसला की तिचे काम भागते. गहू कोणाच्या शेतातला, दळण कोणी दळले, चुलीत लाकूड कोणाचे, या चौकशीत ती पडत नाही. पहिल्या महायुद्धात तेरा लाखांच्या घरात हिंदी माणसे समुद्रापार गेली, त्यांतली ७४ हजारांच्या आसपास परत आली नाहीत. ती का गेली, या प्रश्नाचे उत्तर आपण शंभर वर्षे या म्हणीवर, नाहीतर खाल्ल्या मिठाला जागण्याच्या गोष्टीवर सोपवत आलो. सरकारचे अन्न खाल्ले म्हणून सरकारसाठी लढले, असे गौरव करणारे म्हणतात. पोटासाठी गेले, भाडोत्रीच होते, असे नाक मुरडणारे म्हणतात. दोघांचे भांडण कडाक्याचे, पण पोळी सरकारची होती यावर मात्र दोघांचे एकमत. तेवढ्या एकमताचाच हिशेब एकदा तपासावा असे वाटते.

तपासायला घेतला की पहिल्याच पानावर अडखळायला होते. युद्धाला तोंड लागले तेव्हा साध्या पायदळ शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता आणि शांततेच्या दिवसांत छावणीत त्यातूनच त्याने आपल्या जेवणाची सोय पाहायची होती. ज्या अन्नाच्या उपकाराखाली तो दबला म्हणायचे, ते तो विकत घेऊन खात होता. मोहिमेवर शिधा मिळे. छावणीत तो फुकट मिळू लागला १९१७ साली, भरती पुरेना तेव्हा. (सातारा-रत्नागिरीकडच्या शिपायाच्या ताटात रोज भाकरी असायची, पोळी सणावारी; पण म्हणीला टाळीशी यमक जुळवायचे होते.) बरे, ते ११ रुपये तरी येत कोठून? सप्टेंबर १९१४ मध्येच कायदे कौन्सिलाने ठराव केला, की परदेशी धाडलेल्या फौजेचा नेहमीचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीतूनच चालू राहील, वरचा जादा खर्च ब्रिटनने सोसावा. १९१७ मध्ये ब्रिटनच्या युद्धखर्चासाठी हिंदुस्थानने दहा कोटी पौंडांची ‘भेट’ दिली. सरकारच्या जवळजवळ वर्षभराच्या महसुलाइतकी ही रक्कम. तिच्यासाठी कर्जे उभारली गेली आणि व्याज बसले करदात्याच्या मानेवर. १९१६ मध्ये मिठावरचा कर मणामागे रुपयावरून सव्वा रुपयावर गेला, म्हणजे ज्या मिठाला जागायचे त्याचाही भाव चढला. चांदी अपुरी पडू लागली तेव्हा ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली, आणि खेड्यापाड्यांतल्या बाजारात ती बट्टा कापूनच घेतली जाऊ लागली. पुढच्या वर्षी पावसाने दगा दिला, धान्य कडाडले, आणि जूनमध्ये मुंबईत शिरलेल्या इन्फ्लुएन्झाने देशभरात कोटीभराहून अधिक माणसे नेली. मोहीम मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, चालली होती, तिचे पीठ इथल्या डब्यांतून जात होते.

यावर कोणी म्हणेल, हा अर्थशास्त्राचा हिशेब झाला. शिपायाला तो कोठे ठाऊक होता? त्याला पगार देणारा हात दिसत होता आणि त्या हाताशी तो इमान राखत होता. आक्षेप रास्त आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावच्या नावापुढे आजही ‘मिलिटरी’ लागते. त्या एका गावातली ४६ माणसे त्या युद्धात पडली. त्यांच्या घरच्यांना कौन्सिलाचा ठराव वाचून दाखवणे क्रूरपणाचेच ठरेल. पलटणीची आब, गावातला मान, थोरल्या भावाने केलेली नोकरी, कोरडवाहू जमिनीचा तुकडा, या सगळ्यांची गुंतवळ त्या इमानात होती आणि ती तिजोरीच्या जमाखर्चाने उलगडत नाही. पण इमान दोन्ही बाजूंनी असावे लागते. महारांची लष्करभरती सरकारने १८९० च्या दशकात बंद केली होती. माणसे कमी पडू लागली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर थोड्याच काळात ती मोडलीही. एवढ्या उघडपणे ताट मांडून पुन्हा उचलले जाते, तेव्हा टाळीची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

टाळीचा सौदा करावा की ती बिनशर्त वाजवावी, यावर त्या काळी थोरामोठ्यांतही मतभेद होतेच. मंडालेच्या तुरुंगातून सुटून आलेल्या टिळकांनी ऑगस्ट १९१४ मध्येच युद्धात सरकारला साहाय्य करण्याचे जाहीर केले होते, पण त्यांचा रोखठोक हिशेब असा, की रक्त मागता तर हक्क द्या. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमधल्या युद्धपरिषदेत त्यांनी स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना अडवले आणि टिळक सभा सोडून निघाले. हिंदी माणसांना सैन्यात अधिकारपदे मिळतील असे वचन गांधींनी सरकारकडून आणावे, मग महाराष्ट्रातून पाच हजार माणसे मी देतो, अशी पैज लावून त्यांनी गांधींना पन्नास हजारांचा चेक पाठवला. मदतीचा सौदा नको म्हणून गांधींनी तो परत केला. स्वराज्याची आशा गांधींच्या भरतीपत्रकातही होती, पण टाळी आधी वाजवायची आणि फळ मागून यायचे, अशी त्यांची रीत. ती रीत खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना पटली नाही. सारा-सत्याग्रहात ज्यांनी आपल्या गाड्या फुकट जुंपल्या होत्या, तेच भरतीच्या वेळी भाडे देऊनही गाडी देईनात. गांधींनी आत्मकथेत हे मोकळेपणाने लिहिले आहे. त्या वर्षी खेडा जिल्ह्यात सरकारविषयीचा सर्वांत विचारी निर्णय या गाडीवाल्यांनी घेतला, असे कधीकधी वाटते. पण तेच साताऱ्याच्या शिपायाला कमी लेखून म्हणायचे का, इथे पुन्हा गाडी अडते.

म्हण शब्दशः तपासली गेली ती मेसोपोटेमियातल्या कुतला. तैग्रिसच्या वळणावरच्या त्या गावात ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांनी जनरल टाउनशेंडच्या फौजेला कोंडून धरले. ती फौज म्हणजे ‘सहावी पुणे डिव्हिजन’. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. आत अन्न संपत चालले तेव्हा घोडी कापायला सुरुवात झाली. गोऱ्यांनी ती खाल्ली, हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी नाकारली. धर्मगुरूंच्या परवानग्या तारेने मागवून वाचून दाखवल्या गेल्या, तरी एप्रिल उजाडेपर्यंत बहुतेकांनी तोंडाला लावले नाही. आता पाहा, गोरे शिपाई पांढऱ्या मैद्याचा पाव खात, त्यांना बेरीबेरी झाली. हिंदी शिपाई कोंड्यासकट दळलेली कणीक खात, त्यांच्याकडे ती फिरकली नाही. पण ताजी भाजी नाही आणि मांस वर्ज्य, त्यामुळे त्यांना स्कर्व्हीने गाठले. हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. गोऱ्यांच्या पावात हिंदी पीठ मिसळल्यावर बेरीबेरी हटली. धान्य दळायला जात्याचे दगड विमानातून टाकावे लागले. वेढ्यातल्या फौजेला आकाशातून अन्न पुरवण्याचा हा जगातला पहिला मोठा प्रयत्न. शेवटी शेवटी कणकेचा शिधा काही औंसांवर आला होता. आणि या अवस्थेत, ज्याची पोळी खायची तो स्वतःच पोळी देऊ शकत नव्हता तेव्हाही, पलटणी जागा धरून राहिल्या. काही पळून तुर्कांना मिळाले हे खरे, पण बहुसंख्य राहिले. म्हणीच्या तर्काने ही टाळी केव्हाच थांबायला हवी होती. ती थांबली नाही. म्हणजे ती पोळीसाठी नव्हतीच, असे एकाएकी वाटू लागते. मग कशासाठी? सोबत्यासाठी, असे म्हणावे तर सोपे होते, म्हणून त्यावर फार विश्वास बसत नाही.

वेढा फोडण्याच्या धडपडीत बाहेरच्या फौजेची तेवीस हजार माणसे पडली किंवा जायबंदी झाली आणि आतल्या तेरा हजारांच्या आसपास माणसांनी शस्त्रे ठेवली. शिपाई वाळवंटातून रेल्वेच्या कामावर हाकलले गेले, त्यांतले हजारो वाटेत मेले. टाउनशेंडना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. मोहिमेचा गैरकारभार चौकशी कमिशनने चव्हाट्यावर आणला, त्यापायी भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी १९१७ च्या जुलैत राजीनामा दिला, त्यांच्या जागी माँटेग्यू आले आणि २० ऑगस्टला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा झाली. इथे दुसरा आक्षेप उभा राहतो: बघा, टाळी फुकट गेली नाही! मात्र ही घोषणा इमानाचे बक्षीस होती की फजितीची भरपाई, हे सांगणे कठीण आहे. आणि १९१९ च्या मार्चमध्ये रौलट कायदा, एप्रिलमध्ये जालियनवाला बाग. बक्षीस असलेच तर ते देणाऱ्याच्या हाताला कापरे भरले होते.

तरीही पोळी आपलीच होती, हे एवढे तरी सिद्ध झाले असे म्हणून थांबता आले असते. पण कुतमधले धान्य निघाले कोठून? टाउनशेंडने आधी आपल्या शिध्याचा अंदाज फार कमी सांगितला, त्या घाईने बाहेरची फौज अपुऱ्या तयारीने तुर्कांवर आदळली. आणि जानेवारीत गावातली घरे झडली तेव्हा लोकांनी दडवलेले धान्य सापडले. वेढ्यात सहा हजारांच्या आसपास अरब रहिवासीही अडकले होते, बायकामुलांसकट. पुणे डिव्हिजनने पुढचे कितीतरी आठवडे जी कणीक खाल्ली, तिच्यातली बरीचशी त्यांच्या कोठारांतली. शरणागतीनंतर इंग्रजांना मदत केल्याच्या आरोपावरून तुर्कांनी त्यांच्यातल्या कित्येकांना फासावर चढवले. पोळी त्यांची, टाळी त्यांनी वाजवलेलीही नाही, आणि शिक्षा मात्र टाळीची. ही फौज आमच्या पैशावर उभी होती, तिचे श्रेय आमचे, इंडिया गेटवरची नावे आमची, असे म्हणायला आपण अलीकडे शिकलो आहोत, आणि त्यात गैर काही नाही. पण श्रेय आपल्या खात्यावर घ्यायचे तर त्या झडत्याही त्याच खात्यावर येतात. १९२० मध्ये इराकी लोक इंग्रजांविरुद्ध उठले, तेव्हा तो उठाव मोडायला धाडलेली फौज मुख्यतः हिंदीच होती, आणि त्या वर्षीही मिठावर मणामागे सव्वा रुपयाच होता. तो भरणाऱ्या शेतकऱ्याला बगदादच्या शेतकऱ्याने जाब विचारला असता, तर मला विचारून कोणी फौज पाठवली नाही, असे त्याने सांगितले असते आणि ते खरेच आहे. शिपायाच्या बाबतीत हेच उत्तर चालते की नाही, तो तर अंगठा उठवून गेला होता, यावर मन एका जागी ठरत नाही. गेलेल्यांना फसवले गेलेले म्हणावे तर त्यांचा कुतमधला चिवटपणा आपण हिरावून घेतो. जाणूनबुजून गेलेले म्हणावे तर कुतच्या घराघरांतून निघालेल्या त्या पोत्यांचे काय करायचे?