ओवा, जिना आणि छातीतील कळ

छातीत कळ आली की मराठी घरात पहिली धावाधाव होते ती स्वयंपाकघराकडे. ओवा भाजला जातो, त्यात काळे मीठ पडते, कोणी इनोची पुडी फोडते, आणि ढेकर आली की घरदार निर्धास्त होते. बंगळुरूच्या जे. पी. नगरातील मराठी बिऱ्हाडेही याला अपवाद नाहीत, जरी बन्नेरघट्टा रस्त्यावरचे जयदेव हे सरकारी हृदयरोग रुग्णालय तिथून हाकेच्या अंतरावर आहे आणि ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या पिवळ्या मार्गावर त्याच्याच नावाचे स्थानकही आहे. अलीकडे याच भागातील एका इमारतीच्या जिन्यात भाजलेल्या ओव्याचा वास आला आणि प्रस्तुत लेखिकेच्या मनात सोलापूरच्या आत्याबाईंची ती दुपार पुन्हा उभी राहिली.

श्रावणातील त्या दुपारी पुरणाच्या जेवणानंतर आत्याबाईंच्या छातीत दाटून आले, डावा जबडा दुखू लागला, कपाळावर गार घाम आला. पुरण जड पडले असे सर्वानुमते ठरले, ओवा दिला गेला, थोडे बरेही वाटले, आणि दिवेलागणीपूर्वी त्या गेल्या.

विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने 1768 मध्ये लंडनच्या वैद्यकसभेपुढे एक निबंध वाचला आणि चालताना छाती आवळणाऱ्या, थांबताच ओसरणाऱ्या वेदनेला ‘अंजायना’, म्हणजे हृद्‌शूल, हे नाव दिले. ही वेदना चढावर, आणि विशेषतः जेवणानंतर लवकरच चालू लागल्यास, उद्भवते हे त्याने तेव्हाच नोंदवले होते. कारण सरळ आहे: पचनासाठी आतड्यांकडे अधिक रक्त धाडावे लागते, हृदयाचे काम वाढते, आणि त्याच्या स्वतःच्या धमन्या अरुंद झालेल्या असल्या तर तो भार त्याला पेलवत नाही. शिवाय हृदय आणि अन्ननलिका यांच्या वेदना वाहून नेणारे मज्जातंतू मेरुरज्जूच्या जवळपास त्याच भागांत शिरत असल्यामुळे दुखणे नेमके कोणाचे, हे सोसणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून जेवणानंतर दुखले किंवा ढेकरेने बरे वाटले, एवढ्यावरून हृदय निर्दोष ठरत नाही. ही गोष्ट अडीचशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली असताना ती आत्याबाईंच्या वाड्यातील एकाही शहाण्या माणसापर्यंत पोहोचली नव्हती, याचे दुःख लेखिकेला ओव्याच्या प्रत्येक वासाबरोबर होते.

छातीतील प्रत्येक कळ हृदयाची नसते. बोटाने दाबले असता एकाच जागी दुखणारी कळ बहुधा फासळ्यांच्या सांध्यांची असते, तर श्वास घेताना टोचणारी कळ फुप्फुसाच्या आवरणाची असू शकते. मात्र दाब, आवळणे किंवा जडपणा काही मिनिटे टिकला, तो जबड्यात, हातात वा पाठीत पसरला, सोबत घाम, मळमळ किंवा धाप असली, तर तज्ज्ञाची वेळ मागत बसणे घातक असते आणि थेट आपत्कालीन विभाग गाठावा लागतो. स्त्रियांत, वृद्धांत आणि मधुमेहींत छाती न दुखता नुसती धाप किंवा विलक्षण थकवा एवढेच लक्षण असू शकते. रुग्णालयात पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विद्युत्-लहरींचा आलेख, निघावा अशी अपेक्षा असते. तो सुरुवातीला निर्दोष दिसू शकतो, म्हणून तो पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिन, म्हणजे हृदयस्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणारे प्रथिन, काही तासांच्या अंतराने तपासतात.

हृदयाच्या बाबतीत ज्ञानही कवच ठरत नाही, याची आठवण महाराष्ट्राला आहे: असंख्य हृदयांवर शस्त्रक्रिया करणारे मुंबईचे डॉ. नितू मांडके 2003 मध्ये वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानेच गेले. आणि हे वय आपल्याकडे अपवादात्मक नाही: नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी ज्याचे पहिले लेखक होते त्या 2007 च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियाई माणसांना पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी, तर इतर देशांतील लोकांना जवळजवळ 59 व्या वर्षी आल्याचे दिसले होते.

पण आत्याबाईंची खरी वेळ त्या दुपारच्या कितीतरी आधी येऊन गेली होती. कित्येक महिने त्या वाड्याच्या जिन्यात मध्येच थांबत, पदराने वारा घेत, ‘दम खाते जरा’ म्हणत, आणि मागून येणारी मुले त्यांना वळसा घालून वर पळत. श्रमाने येणारी आणि विश्रांतीने जाणारी ही अस्वस्थताच हृदयरोगतज्ज्ञाकडे जाण्याचे योग्य कारण असते, कारण त्या टप्प्यावर इकोने हृदयाचे आकुंचन पाहता येते, ट्रेडमिलवर चालवून किंवा धमन्यांचे सीटी छायाचित्र घेऊन अडथळ्याचा अंदाज बांधता येतो, आणि औषधांना अवधी मिळतो. आज रागीगुड्डच्या हनुमान मंदिराच्या पायऱ्या चढताना, किंवा पुट्टेनहळ्ळी तलावाकाठी फिरताना, सोलापूर-सांगलीहून मुलांकडे राहायला आलेली कितीतरी आईवडील माणसे तशीच थांबत असतील. कन्नड येत नाही, मुलगा कामात आहे, सुनेला त्रास कशाला, या संकोचापायी ती घरी काही बोलत नाहीत.

अशा घरांतील मुलांनी आईवडिलांना ‘दुखते का’ एवढेच न विचारता ‘जिन्यात थांबावे लागते का, पूर्वीपेक्षा लवकर दम लागतो का’ असे विचारावे. होकार आला तर त्याच आठवड्यात तज्ज्ञाला दाखवावे, आणि थांबणे वाढत चालले असेल किंवा बसल्या जागी दुखू लागले असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. छाती आवळून घाम फुटला तर रुग्णाला चालवू नये, त्याला स्वतः गाडीही चालवू देऊ नये, 108 ला फोन करावा. रुग्णवाहिकेचा हा क्रमांक कर्नाटकात आणि महाराष्ट्रात एकच आहे.