कचेरीचा पोशाख

आम्ही कारकुनी करतो, म्हणून वस्तीतली मुले विचारतात, मुलाखतीच्या पत्रात 'बिझनेस कॅज्युअल' लिहिलंय, म्हणजे काय? टाय-कोट नको, कॉलरचा साधा शर्ट, सुती पँट, पॉलिश केलेले बूट. मुलींना सलवार-कुर्ता शोभतो. टी-शर्ट, स्लिपर टाळा. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनानेही कर्मचाऱ्यांना तेच बजावले. मात्र कपड्यांसाठी कर्ज काढू नका. आम्ही दोन शर्टांवर तीन वर्षे काढली. रात्री धुवायचे, सकाळी इस्त्री. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आमच्या आयाबायांना लुगडे नेसण्याची रीत बदलायला सांगितली, ती मिरवण्यासाठी नव्हे. पोशाखावरून अस्पृश्यता ओळखू येऊ नये म्हणून. बांधवांनो, स्वच्छ कपड्यांत ताठ मानेने आत जा. पुढे आपले काम बोलेल.