‘रीमास्टर्ड’ म्हणजे नेमकं काय केलं राव?

सीडीच्या कव्हरवर एक स्टिकर असायचा. ‘डिजिटली रीमास्टर्ड’. आता सीडी कोण घेतं म्हणाल, तर फोन काढा. कुठलाही जुना रॉक अल्बम उघडा. गाण्याच्या नावापुढे ‘रीमास्टर’ आणि एखादं साल बहुतेक वेळा असतंच. आपण ते वाचतो आणि प्ले दाबतो. जुन्या बिल्डिंगला नवा रंग काढला असेल, एवढंच आपल्या डोक्यात येतं. नवीन आहे म्हणजे चांगलंच असणार ना!

इथेच तर सगळी गोची आहे, बॉस.

आधी ही भानगड काय असते ते बघू, आणि त्यासाठी स्वयंपाकघरात जाऊ. सत्तरीच्या दशकात स्टुडिओत बॅण्ड वाजवायचा तेव्हा ड्रम्स, बास, गिटार, गाणं असं सगळं एकाच रुंद टेपवर, पण वेगवेगळ्या पट्ट्यांवर नोंदलं जायचं. ८ नाहीतर १६ ट्रॅक्स. हे झालं निवडून, चिरून ठेवलेलं साहित्य. मग ते एकत्र करून दोन चॅनल्सचं स्टिरिओ मिक्स करायचं. ही झाली आमटी. शेवटी मास्टरिंग इंजिनीअर त्या आमटीची चव घेणार, मीठ-तिखट सारखं करणार आणि ताटात वाढायला देणार. रीमास्टर म्हणजे तयार आमटीचं मीठ-तिखट पुन्हा बघणं. रीमिक्स म्हणजे तेच साहित्य घेऊन आमटीच नव्याने करणं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण दुकानात दोन्ही एकाच कव्हरमध्ये मिळतात!

खोटं वाटत असेल तर झीझी टॉपची गोष्ट ऐका. टेक्सासचे तीन दाढीवाले (खरं तर दोनच, तिसऱ्याचं आडनाव बिअर्ड, आणि बरीच वर्षं दाढी नेमकी त्यालाच नव्हती). १९७३ साली त्यांचा ‘त्रेस ओम्ब्रेस’ आला. गिटार, बास, ड्रम्स, बस्स. एका खोलीत तीन माणसं वाजवतायत आणि आपण दारात उभे आहोत, असा कोरडा, घट्ट साउण्ड. पुढे १९८३ मध्ये त्यांनी ‘एलिमिनेटर’ काढला. त्यात सिंथेसायझर होता, ड्रम मशीन होतं. नुसत्या अमेरिकेत त्याच्या १ कोटीहून जास्त प्रती गेल्या. मग १९८७ मध्ये जुने अल्बम ‘सिक्स पॅक’ नावाच्या संचात सीडीवर आणायची वेळ आली, तेव्हा काय झालं असेल? पहिले पाच अल्बम चक्क रीमिक्स केले गेले. ड्रम्सना ऐंशीच्या दशकाचा डिजिटल घुमारा चढवला, म्हणजे ते ‘एलिमिनेटर’च्या शेजारी शोभतील. कोकमाच्या आमटीत टोमॅटो केचप!

‘त्रेस ओम्ब्रेस’ आणि १९७५ चा ‘फॅण्डॅंगो!’ हे अल्बम मूळ मिक्ससह पूर्ण स्वरूपात सीडीवर यायला २००६ उजाडलं. म्हणजे १९ वर्षं! ‘सिक्स पॅक’मधले बाकीचे रीमिक्स झालेले अल्बम मूळ रूपात यायला तर २०१३ चा बॉक्स सेट लागला. मधल्या काळात ज्याने कॉलेजात असताना सीडी घेऊन हा अल्बम पहिल्यांदा ऐकला, त्याच्यासाठी ‘त्रेस ओम्ब्रेस’ म्हणजे ते घुमणारे ड्रम्सच. एका अख्ख्या पिढीची आठवणच वेगळी झाली.

यावर एलपीवाली मंडळी लगेच म्हणणार, बघा, आम्ही सांगत नव्हतो, सीडीच वाईट! पण बिचाऱ्या सीडीचा यात काही दोष नाही. १६ बिटच्या सीडीत सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात साधारण ९६ डेसिबलचं अंतर मावतं. त्या काळच्या साध्या स्टुडिओ टेपवर ६०-७० डेसिबल मिळाले तरी पुष्कळ. डबा मोठाच आहे. प्रश्न आहे तो डब्यात काय भरलं याचा.

सुरुवातीला भरलं गेलं ते हाताला लागलं ते. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली आणि काही वर्षांतच सगळ्या कंपन्यांना आपापलं जुनं कपाट सीडीवर आणायची घाई झाली. मूळ टेप शोधत बसण्यापेक्षा एलपी कापण्यासाठी केलेली कॉपी हाताशी होती. अशा टेपमध्ये एलपीच्या सोयीसाठी बास आवरलेला असायचा, कारण जास्त बास म्हणजे रुंद खाच, आणि रुंद खाच म्हणजे एका बाजूला कमी मिनिटं. शिवाय कॉपीची कॉपी म्हटल्यावर टेपची सळसळ वाढणारच. म्हणून ऐंशीतल्या कित्येक सीडी पातळ, फिक्या वाटतात. त्या पुन्हा नीट करायला हव्या होत्या, हे अगदी मान्य.

पण नव्वदी संपता संपता सगळ्यांना दुसराच आजार झाला. मोठ्याने ओरडायचा.

आपल्या कानाची एक खोड आहे. तेच गाणं थोडं मोठ्याने लावलं की ते जास्त चांगलं वाटतं. आवाज वाढला की बास आणि वरचे बारीक सूर जास्त नीट ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. मग कंपन्यांनी हिशोब केला, आपली सीडी शेजारच्या सीडीपेक्षा मोठ्याने वाजली पाहिजे. आता सीडीला एक छत असतं, त्याच्या वर आवाज जाऊच शकत नाही. मग करायचं काय? उंच टोकं दाबायची आणि बाकी सगळं उचलून छताला टेकवायचं. त्यासाठी कॉम्प्रेसर आणि लिमिटर असतात. यालाच पुढे ‘लाउडनेस वॉर’ म्हणायला लागले.

तुमच्या ऑफिसात एक तरी माणूस असतोच, जो अख्खा मेल कॅपिटल लेटर्समध्ये लिहितो. दोन ओळींनंतर काय महत्त्वाचं आणि काय नाही, हेच कळेनासं होतं. दाबलेल्या मास्टरचं तसंच आहे. आणि ब्लूज-रॉकचा जीव तर या चढउतारातच असतो. गिटारवाला दोन ओळी कुजबुजतो, थांबतो, आणि तिसऱ्या ओळीला असा काही तुटून पडतो की अंगावर काटा येतो. कुजबूज आणि आरोळी एकाच उंचीवर आणून ठेवली तर काटा यायचा कुठून?

हे सगळं मी वाचून शिकले असते तर दोन दिवसांत विसरलेही असते. माझ्या डोक्यात ते बसलं मामामुळे.

मामा मर्चण्ट नेव्हीत इंजिनीअर होता. सिंगापूर, रॉटरडॅम, जिथे जहाज लागेल तिथून एलपी आणायचा. कलिन्याला तळमजल्यावरचं घर. २६ जुलै २००५ च्या पुरात प्लेअर गेला आणि खालच्या कप्प्यातल्या सगळ्या एलपीही गेल्या. नंतर २०११ मध्ये त्याच्या साठीला मी त्याच्या सगळ्यात लाडक्या अल्बमची नवी कोरी रीमास्टर्ड सीडी दिली. सत्तरीतला एक ब्रिटिश ब्लूज-रॉक बॅण्ड. बॅण्डचं नाव घेत नाही आणि कंपनीचंही नाही, कारण त्या काळात सगळेच तेच करत होते. मामा जाम खूश झाला. तीन गाणी ऐकली, मग हळूच उठून बंद केली. म्हणाला, “कान दमले गं. बहुतेक गेलेच आता माझे.”

घरात ते सगळ्यांनाच पटलं. इंजिन रूममध्ये आयुष्य गेलेलं, ऑडिओग्रॅममध्येही वरच्या पट्टीत ऐकू कमी येतं असंच निघालं. मामीने सीडी प्लेअरवर क्रोशाचं कव्हर घातलं. मामा पेपर वाचायला लागला. पण संध्याकाळी शीळ घालत गॅलरीत उभा राहणारा माणूस एकदम गप्प झाला की घर वेगळंच वाटतं हो.

पुढच्या वर्षी माझा एक कलीग ऑनसाइट लंडनला होता. त्याला सांगून त्याच अल्बमची ऐंशीतली सेकंडहॅण्ड सीडी मागवली. दोन्ही सीडी कॉम्प्युटरवर घेऊन ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या. जुन्या सीडीचा आलेख नारळीच्या बागेसारखा; उंच झाडं, बुटकी झाडं, मधे मोकळं आभाळ. नवीचा आलेख सरळ विटेसारखा. मग मामाकडे गेले. मोबाइलवरच्या साउण्ड मीटरने दोन्हींचा आवाज सारखा केला, कारण नाहीतर जी मोठी तीच जिंकते. जुनी सीडी लावली, काही न सांगता.

मामा पूर्ण अल्बम ऐकत बसला. पाचवं गाणं संपलं तेव्हा सवयीने उठला, रेकॉर्ड उलटवायला. मग स्वतःच हसला. शेवटी म्हणाला, “यात ड्रमर मागे बसलाय बघ. त्या सीडीत माझ्या मांडीवर येऊन बसला होता.”

मामाचे कान काही बरे झाले नाहीत. आता श्रवणयंत्र लागतं. एका मामावरून सिद्धांत मांडायचा माझा विचार नाही. पण त्या वर्षभरात आम्ही सगळे त्याच्या कानांनाच दोष देत होतो आणि सीडीबद्दल कुणाला साधी शंकाही आली नाही. स्टिकरवर ‘रीमास्टर्ड’ लिहिलं होतं ना!

म्हणून जुनं तेच सोनं असंही समजू नका. उलटी उदाहरणं आहेत, आणि भारी आहेत. रोलिंग स्टोन्सचा ‘बेगर्स बॅंक्वेट’ १९६८ चा. मास्टरिंगमधल्या चुकीमुळे तो मूळ रेकॉर्डिंगपेक्षा किंचित संथ वेगाने छापला गेला. वेग कमी म्हणजे सूरही किंचित उतरलेले. दुनिया ३४ वर्षं तोच ऐकत होती. २००२ च्या रीमास्टरमध्ये वेग दुरुस्त झाला, आणि अल्बम पहिल्यांदाच जसा वाजवला होता तसा ऐकू आला. आता बोला! आणि लेड झेपलिनचं बघा. जिमी पेजने स्वतः लक्ष घालून १९९० मध्ये गाणी रीमास्टर करून घेतली, आणि २०१४ पासून तोच पुन्हा सगळे अल्बम घेऊन बसला. म्हणजे खुद्द वाजवणाऱ्यालासुद्धा ‘हे फायनल’ म्हणता येत नाही. मास्टर हे शेवटी कुणाचं तरी मत असतं. त्या वर्षीचं, त्या कानांचं.

आजची एक चांगली बातमी म्हणजे ओरडण्याचा फायदा आता बराच संपलाय. स्पॉटिफाय, यूट्यूब वगैरे मंडळी मोठ्याने वाजणाऱ्या गाण्याचा आवाज आपणहून खाली ओढतात. विटेसारखं मास्टर तिथे शेजारच्यापेक्षा मोठं वाजत नाही, नुसतंच चपटं वाजतं. वाईट बातमी अशी की फोनवर अल्बमची कुठली आवृत्ती ऐकायची, ते बहुतेक वेळा आपल्या हातात नसतं. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये आधी ऐकून मग सीडी घेता यायची, तेही २०१६ च्या फेब्रुवारीत बंद झालं.

तरी एवढं करा. घरात जुन्या सीडी असतील तर मागचं कव्हर बघा. एएडी, एडीडी असा तीन अक्षरी कोड सापडेल. पहिलं अक्षर रेकॉर्डिंगचं, दुसरं मिक्सचं, तिसरं मास्टरिंगचं. ए म्हणजे अॅनलॉग, डी म्हणजे डिजिटल. सत्तरीतल्या अल्बमवर मधलं अक्षर डी दिसलं, तर आमटी पुन्हा केलेली असण्याची शक्यता जास्त. सीडीच्या आतल्या चकचकीत कड्यावर बारीक मॅट्रिक्स नंबर असतो, त्यावरून ती नेमकी कुठली आवृत्ती हे शोधता येतं. आणि दोन आवृत्त्या ताडून बघताना आवाज आधी सारखा करा, मगच निकाल द्या.

थोडक्यात, स्टिकर दिसला की तीन प्रश्न विचारायचे. कुणी केलं? कधी केलं? कुठल्या टेपवरून केलं? उत्तरं पटली तर बिनधास्त घ्या. नाही पटली तर काकांच्या, मामांच्या कपाटातली जुनी सीडी गाठा. रद्दीवाला पोचायच्या आत.