नेमावरच्या वाटेवर, खातेगांवी

इंदूरहून बैतूलकडे जाणारा रस्ता धनतालाबचा घाट ओलांडून कन्नोदवरून खातेगांवास येतो. आमच्या वडीलमंडळींच्या बोलण्यात हा मुलूख ‘नेमावर जिल्हा’ म्हणूनच येई, कारण होळकरशाहीत त्याचे नाव तेच होते. आज तो देवास जिल्ह्यात मोडतो. नर्मदास्नानास निघालेली मंडळी खातेगांवी चहापुरती थांबतात आणि नेमावरची वाट धरतात. आम्हीही इतकी वर्षे तेच करीत आलो. गेल्या माघात मात्र या गावी आमचे चार तास मोडले, आणि त्या चार तासांमुळेच हे लिहिण्याचा प्रसंग आला.

जीपच्या टपावर एक शिडाची होडी बांधलेली होती. सव्वाचार मीटर लांबीची, साठ किलोंच्या आतबाहेर वजनाची, एका माणसाने हाकायची. कॅनडातील ब्रूस कर्बी यांनी १९६९ साली ही जात आखली ती मुळी मोटारीच्या टपावर नेता यावी म्हणून. त्यामुळे तिची डोलकाठीही अखंड नाही, अॅल्युमिनियमच्या दोन नळ्या एकमेकींत बसवून ती उभी करतात. होडी आमच्या पुतणीने वापरलेली घेतली होती, स्वतःच्या शिकवणीच्या पैशांतून.

दादांचा या प्रकरणास विरोध होता. लहानपणी नेमावरच्या घाटावर उभे असताना त्यांनी भरलेली नाव उलटताना पाहिली होती. त्या दिवसापासून ते नर्मदेला घाटाच्या पायरीवरूनच नमस्कार करतात. पुतणीचा युक्तिवाद वेगळा. आपल्याच जिल्ह्यातल्या अमलताज गावची नेहा ठाकूर भोपाळच्या मोठ्या तलावावर शिकली आणि २०२३ साली हांगचौच्या आशियाई खेळांत याच जातीच्या, लहान शिडाच्या होडीवर तिने रौप्यपदक मिळवले. मग मी का नको? अखेर दादांनी अट घातली. नेमावरास होडी डोळ्यांनी पाहीन, पटले तर भोपाळच्या अर्जावर सही करीन.

खातेगांवी दोर आवळताना डोलकाठीच्या नळ्यांतून खटखट ऐकू आली. पुतणीने दोन्ही तुकडे उतरवून जोडून पाहिले. वरचा तुकडा खालच्यात चक्क डुलत होता.

“चला परत,” दादा म्हणाले.

“बाबा, तासाभराचं काम आहे.”

“तासाभराच्या कामावर नदीत उतरायचं?”

दादांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. या डोलकाठीला ताणाचे दोर नसतात, सगळा भार ती स्वतःच पेलते. शिडाची कड पिशवीसारखी शिवलेली असते. ती वरून चढवली की सांधा झाकला जातो आणि आत काय चालले आहे ते कळतच नाही. वरची नळी खालचीत जेमतेम फूटभर उतरते, उरलेली दहा-अकरा फूट वर राहते. सांध्यात एक मिलिमीटरची फट असली तर शेंड्याला ती सेंटीमीटरभर होते, आणि वाऱ्याच्या प्रत्येक झोताला नळी एकाच जागी आपटत राहते.

दोष नळीत नव्हता. तिच्या बुडाशी प्लास्टिकचे बूच असते आणि थोडे वर, खालच्या नळीच्या तोंडावर टेकणारी प्लास्टिकची कड. वापराने दोन्ही झिजली होती. दादांनी पत्र्याची पाचर सुचवली. ओल्या जागी लोखंड आणि अॅल्युमिनियम एकत्र आले की अॅल्युमिनियम खाल्ले जाते, असे सांगून पुतणीने ती नाकारली. चिकटपट्टी गुंडाळणे हा यावरचा सर्वमान्य उपाय, शर्यतीच्या नियमांतही त्यास मुभा आहे. पण जवळची पट्टी बोटभर उरलेली.

गव्हाच्या या मुलखात विहिरी-कूपनलिकांचे पंप पुष्कळ, म्हणून जळालेल्या मोटारी पुन्हा भरणारी दुकानेही पुष्कळ. अशाच एका दुकानातल्या मिस्त्रींनी नळ्या हातात घेतल्या, व्हर्नियरने मोजल्या, आणि फळीवरून मिलिनेक्सचा ताव काढला. तांब्याची तार भरण्याआधी मोटारीच्या खाचांत घालतात तो हा चिवट, गुळगुळीत कागद; पाण्याला दाद देत नाही. मिस्त्रींनी त्याच्या पट्ट्या अशा कापल्या की दोन टोके एकमेकांवर न चढता नेमकी भिडावीत. चढली तर तेवढ्याच जागी उंचवटा होऊन सांधा वाकडा बसतो. पहिल्यांदा त्यांनी फक्त वरची कड भरली. नळी तरीही हलली. मग बूचही भरले, एक थर जास्त झाला, तो सोडला, पुन्हा बसवले. फार घट्ट केले तर वाळूचा एक कण जाऊन नळ्या अडकतील, हे पुतणी तीनतीनदा सांगत होती आणि मिस्त्री हसत होते. बेअरिंग बसवण्यात त्यांचा जन्म गेलेला. दादा एव्हाना स्टुलावरून उठून नळीला कान लावून उभे होते. खटखट थांबली होती.

नेमावरास पोहोचेतो ऊन कलले. अल्बेरूनीच्या ग्रंथात ज्याचा उल्लेख सापडतो असे हे जुने ठाणे, वर परमारकालीन सिद्धनाथाचे देऊळ, समोर हंडिया. पश्चिमेचा वारा होता. पुतणीने तरंगजाकीट बांधले, एका केवटाची यंत्रनाव सोबतीस घेतली आणि पुलापासून दूर राहून पात्रात चार फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत होडी इतकी कलली की आमच्याच पोटात गोळा आला. दादा बोलले नाहीत. त्यांची नजर शिडावर नव्हती, डोलकाठीच्या मध्यावर होती. परिक्रमेतील एक वृद्ध बाई “नर्मदे हर” म्हणत शेजारी येऊन बसल्या आणि मुलगी कोणाची म्हणून विचारू लागल्या. “माझी,” दादा म्हणाले.

अंधार पडता पडता होडी उतरवली, तेव्हा सांधा अडकलाच. एका टोकाला पुतणी, दुसऱ्या टोकाला दादा, असे पिळून पिळून तो सुटला.

परतताना खातेगांवी दादांनी जीप थांबवली. दुकान बंद करण्याच्या बेतात असलेल्या मिस्त्रींकडून त्यांनी मिलिनेक्सचा आणखी एक ताव मागून घेतला, गुंडाळी करून पुतणीच्या हाती दिला.

“भोपाळला मिळेल न मिळेल,” एवढेच ते म्हणाले.