लेखनिकाचा दोष

पाठचिकित्सा शिकवताना एक इशारा मी विद्यार्थ्यांना दरवर्षी देत आलो आहे. हस्तलिखितात एखादी ओळ अडली, छंद मोडला, अर्थ लागेना, की संपादकाचे बोट आपसूक लेखनिकाकडे वळते. 'लेखनिकाचा प्रमाद' असे तळटीपेत लिहिले की काम संपते. लेखनिक बहुधा निनावी असतो, केव्हाच मेलेला असतो आणि उलट उत्तर देत नाही. म्हणूनच तो सोयीचा आरोपी ठरतो. आमच्या कारंजा लाडमध्ये या इशाऱ्याला विशेष औचित्य आहे. येथील जैन शास्त्रभांडारांनी शेकडो वर्षे पोथ्या जपल्या. 'कारंजा जैन ग्रंथमाले'त १९३१ साली परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' आणि 'देवेंद्रकीर्ती जैन ग्रंथमाले'त १९३३ साली हीरालाल जैन यांनी 'णायकुमारचरिउ' संपादित केले. दहाव्या शतकातला हा अपभ्रंश कवी आपल्यापर्यंत पोचला तो असंख्य अनाम नकलकारांच्या हातांवरून.

असे असूनही दोन वर्षांपूर्वी मी स्वतः नेमका तोच अपराध केला. पोथीच्या जागी मोटार होती, इतकाच फरक.

मोटार माझ्या वडिलांची, मारुती ८००. वडील गेल्यावर ती पुतण्याकडे आली. समृद्धी महामार्ग कारंजाजवळून गेला आणि त्याला ती संथ वाटू लागली. त्याने बाहेरून एक 'जास्त ताकदीचा' कॅमशाफ्ट मागवला. वाचकांपैकी ज्यांना यंत्राचे वावडे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनाच्या डोक्यात एक दांडा फिरत असतो, त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. प्रत्येक उंचवटा रॉकर नावाच्या तरफेला ढकलतो आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. व्हॉल्व्ह किती उघडायचा, केव्हा आणि किती वेळ, हे सारे त्या उंचवट्याच्या आकारात लिहिलेले असते. आमच्या गाडीला सिलिंडर तीन, व्हॉल्व्ह सहा. उंचवट्याचा आकार बदलला की इंजिनाचा श्वास बदलतो.

कॅमशाफ्ट बसवला तो चाचांनी. वडिलांच्या काळापासून गाडी त्यांच्याच हातची. पहिले काही दिवस पुतण्या खुशीत होता. सहाशे-सातशे किलोमीटर झाले आणि हेडमधून टकटक सुरू झाली, पिकअप गेला, उभ्या गाडीचे इंजिन थरथरू लागले. चाचांनी टॅपेट सेट करून दिले. आठवड्याभरात आवाज परत. पुतण्याने निदान जाहीर केले : "काका, चाचांनी टायमिंग बेल्ट एक दात चुकवलाय. वय झालं त्यांचं." मी ते मानले. मजुरीची उरलेली रक्कम अडवून ठेवली. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे होते. पण मी ते शिक्षकांच्या खोलीत बोललो, चौकात बोललो. माझ्या शब्दाला गावात थोडी किंमत आहे, हे मला ठाऊक होते. महिन्याभरात चाचांची दोन जुनी गिऱ्हाइके दुसऱ्या गॅरेजला जाऊ लागली.

ही बातमी चाचांच्या कानावर गेली असणारच. एका रविवारी सकाळी ते घरी आले. "सर, पैशाचं राहू द्या. पण इंजिन खोलतो तं तुम्ही समोर बसा. पोट्ट्यालेही बसवा."

आम्ही बसलो. चाचांनी इंजिन सुरू केले आणि प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. पहिली काढली, इंजिन खचले. तिसरी काढली, पुन्हा खचले. दुसरी काढली तेव्हा काहीच फरक पडला नाही; म्हणजे दुसरा सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. "बेल्टचा दात चुकला असता तं तिन्ही बिघडले असते. सगळ्यायचा कॅम तं एकच हाय," ते म्हणाले. मी चपापलो. एकाच मूळ प्रतीतला दोष सर्व नकलांत उतरतो, एकाच नकलेतला दोष त्या नकलेपुरता असतो, हे सूत्र मी फळ्यावर कितीदा तरी लिहिले होते. चाचांनी कव्हर काढून बेल्टच्या खुणाही दाखवल्या. त्या जुळत होत्या.

मग त्यांनी प्लग आणि वायरी आपसांत बदलल्या. दोष दुसऱ्यातच राहिला. कॉम्प्रेशन मोजले, दुसऱ्याचे कमी. त्यात थोडे ऑइल टाकून पुन्हा मोजले. आकडा वाढला नाही, म्हणजे रिंगा शाबूत. पुढे हेडचे झाकण उघडून दुसऱ्या सिलिंडरच्या हवा घेणाऱ्या व्हॉल्व्हपाशी फिलर गेज घातले. आठवड्यापूर्वी सेट केलेली फट वाढली होती. "व्हॉल्व्ह सीटमधी धसला असता तं फट कमी झाली असती, सर. वाढली म्हणजे कॅम नाहीतर रॉकर झिजते." डायल गेज लावून इंजिन हाताने फिरवले, तर हा व्हॉल्व्ह त्याच्या दोन भावंडांपेक्षा जवळपास २ मिलिमीटर कमी उघडत होता.

दुपारी कॅमशाफ्ट बाहेर निघाला. पाच उंचवटे चकचकीत, एकाचे नाक बसके. त्याच्या रॉकरवर खड्डे. तेलाचा मार्ग तपासला, मोकळा होता. चाचांनी लहान कानस घेतली आणि शेजारच्या उंचवट्याच्या कडेवर ओढली. काचेवरून घसरावी तशी ती घसरली. झिजलेल्या उंचवट्यावर ओढली, तर तिने धातू खाल्ला. जुना कॅम घासून त्याला नवा आकार देताना त्या जागेचा कठीण थर निघून गेला होता, आणि खालच्या मऊ बिडावर जास्त ताकदीच्या स्प्रिंगांचा भार पडत होता. विक्रेत्याला पुतण्याने फोटो पाठवले. संध्याकाळी उत्तर आले : बसवणाऱ्याची चूक असावी.

ते उत्तर वाचून मला स्वतःचाच आवाज ऐकू आल्यासारखे झाले.

नवा कॅम बसवल्यावर इंजिन नुसते उभे चालवायचे नसते. पहिली वीस मिनिटे ते दोन हजार फेऱ्यांवर धरायचे असते, म्हणजे उंचवट्यांवर तेल नीट उडते. चाचांनी ते केले होते. पुतण्याच तेव्हा घड्याळ धरून उभा होता. आता तो मान खाली घालून बसला होता. मी माफी मागणार, तोच चाचा म्हणाले, "माझीही एक चूक हाय, सर. नव्या कॅमले नवेच रॉकर पाहिजे. हा म्हणे खर्च वाढते, अन् मी जुनेच टाकले. नाही म्हणायला पाहिजे होतं." सगळा पुरावा त्यांच्या बाजूने असताना हे सांगण्याची त्यांना गरज नव्हती.

मूळचा कॅमशाफ्ट त्यांनी टाकून दिला नव्हता. ऑइलमध्ये भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला होता. तो परत बसला, एक रॉकर नवा आला, धातूचा चुरा जावा म्हणून ऑइल आणि फिल्टर दोनदा बदलले. गाडी पुन्हा संथ झाली आणि नीट चालू लागली.

मजुरी मी त्याच दिवशी दिली. दुसऱ्या दिवसापासून जिथे जिथे बोललो होतो तिथे तिथे जाऊन चूक कबूल केली. चौकात एकाने हसून विषय बदलला. शिक्षकांच्या खोलीत, मी आधी काय बोललो होतो हेच कुणाला आठवेना, पण 'चाचांचा हात आता गेला' हे मात्र सर्वांना माहीत होते. शुद्धिपत्र ग्रंथाच्या शेवटी छापतात आणि ते कुणी उघडत नाही, याचा असा अनुभव मला प्रथमच आला.

त्या दोन गिऱ्हाइकांपैकी एकाला मी स्वतः चाचांच्या गॅरेजवर घेऊन गेलो. दुसरे अजून परतलेले नाही. त्यांच्या घरी मी दोनदा जाऊन आलो आहे. दिवाळीनंतर पुन्हा जाईन.