तीट

लहान मुलाचा फोटो काढायचा तर आधी जमिनीवर बसावं लागतं. उभ्यानं काढलेल्या फोटोत मूल म्हणजे नुसतं डोकं आणि खाली दोन पावलं. मुलचेरा तालुक्यातल्या कुठल्याही अंगणात मी मांडी घालते, कॅमेरा पदरात ठेवते आणि पहिली दहा मिनिटं काही करत नाही. पोर येतं, लेन्समध्ये स्वतःला बघतं, काचेला बोट लावतं, कंटाळून निघून जातं. ते पाठमोरं झालं की माझं काम सुरू.

उरलेलं काम संगणकावर. पावसाळ्यात इथल्या सागाची पानं सुपाएवढी होतात. त्यांतून गाळून आलेला उजेड हिरवा असतो आणि तो गालावर बसतो. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतो. टिंट किंचित मॅजेंटाकडे सरकवली की गालात रक्त परत येतं. उन्हाळ्यात पानं झडलेली. झाडाखाली सावली नाही, फांद्यांची जाळी, चेहऱ्यावर उन्हाचे चट्टे. त्यावर उपाय एकच, पहाटे मोहफुलं वेचायला निघालेल्या बायांच्या मागे जायचं. टोपलीशेजारी बसवलेल्या पोरावर तेव्हा पडणारा उजेड मी कधी बदललेला नाही.

सावळ्या चेहऱ्याची गोष्ट वेगळी. कॅमेऱ्याचा मीटर समोरच्या प्रत्येक वस्तूला मधल्या करड्यावर आणू बघतो. सावळा चेहरा चौकटभर आला की त्याला वाटतं उजेड कमी पडला, आणि तो चेहरा उजळून टाकतो. म्हणून मी एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली घेते. वर ‘जरा गोरा करा ना’ अशी फर्माईश येतेच. मी मान हलवते आणि तसं करत नाही.

पण एकदा नको ते करून बसले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावं या तालुक्यात आहेत. त्यांतल्या एका घरी बाळाचं ‘मुखे भात’ होतं, म्हणजे आपलं उष्टावण. शोल्याचा पांढरा मुकुट, कपाळावर चंदनाचे ठिपके, आणि भात तोंडात गेल्याबरोबर बाळानं केलेलं ते तोंड! फोटो झकास आला होता. तेव्हा मी चेहऱ्यावरचे डाग आपोआप ओळखून पुसणारं सॉफ्टवेअर नुकतंच घेतलं होतं. दोनशे फोटो एका झटक्यात त्यातून काढले आणि एक मोठा करून लॅमिनेट करून दिला.

आजीनं तो हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला. म्हणाली, “टिप कोथाय?”

कपाळाच्या एका कडेला लावलेली काजळाची तीट सॉफ्टवेअरनं डाग समजून पुसली होती. चंदनाचे ठिपके तेवढे ठेवले होते. मी म्हटलं, नवीन प्रिंट काढून देते. तिला तेवढा धीर नव्हता. आत जाऊन तिनं काजळाची डबी आणली आणि लॅमिनेशनवरच बोट टेकवलं. काजळ प्लास्टिकवर पसरलं, तीट रुपयाएवढी झाली. तिचं समाधान झालं. ते सॉफ्टवेअर मी आता लग्नाच्या फोटोंनाच लावते.

फोटो कापण्याबद्दलही माझं मत असंच हळूहळू बदलत गेलं. आँरी कार्तिए-ब्रेसाँ फोटो कापण्याच्या कट्टर विरोधात, हे आमच्या धंद्यात जो तो सांगतो. पण डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा १९३२ मधला गाजलेला फोटो कुंपणाच्या फटीतून काढलेला, म्हणून कापलेलाच आहे. तेव्हा कात्रीशी माझं वैर नाही. अडचण इतकीच, की इथं दीड वर्षाचं पोर एकटं सापडतच नाही. ते कुणाच्या तरी कडेवर असतं, बहुधा सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या.

परवाच्या फोटोत तसंच. गिऱ्हाइकाला ‘फक्त बाळाचा’ हवा होता. पोर बकरीकडे बघून हसतंय, बकरी अर्धी चौकटीबाहेर. बहीण कापली तर तिची चार बोटं बाळाच्या कमरेला चिकटून राहतात, जशी कुणाचीच नसलेली. बोटं पुसली तर पोर हवेत लटकतं. चौकट चार वेळा ओढून पाहिली. शेवटी बहीण अख्खी ठेवली, आणि बकरीची शेपटीही.